चंद्राचा पत्ता

"पोलिसांना आपलं नाव ठाऊक नाय. मग आपण आपल्या पायानं ठाण्यात कशाला जायचं?" मितेशने वरच्या खोलीचं दार लोटलं आणि तो दाराला पाठ लावून उभा राहिला.

खाली हॉलमध्ये त्याच्या बहिणीच्या, उन्नतीच्या, लेकीच्या बारशाची गडबड होती. आळीतल्या बाया जमायला लागल्या होत्या, मोठ्या टोपात घुगऱ्या शिजत होत्या आणि पाळण्याला बांधलेली झेंडूची माळ कुणीतरी सोडून पुन्हा बांधत होतं. काळूराम केण्यांच्या घरात नातवंड आलं की आख्खी आळी जेवायला, हा रिवाजच होता. आणि नेमके आज दोन्ही मुलगे वर कोंडून बसले होते. गोदामांच्या जागेची वाटणी झाल्यापासून ते दोघं एका खोलीत फारसे बसलेही नव्हते.

कुणाल पलंगाच्या कडेला टेकला होता. कालपासून त्याच्या पोटात अन्न नव्हतं. काल दुपारी नारपोलीहून एका चहावाल्याचा फोन आला होता. "कुणालभाई, वो चंद्रा थी ना, कांडीवाली? उसका मरद आया था. सळई से मारा उसको, रोड पे. बच्ची को उठाके ले गया."

चंद्रा नारपोलीत यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्यांवर सूत भरायची. नवऱ्याच्या मारापासून जीव वाचवायला लेकीला घेऊन तिथे येऊन राहिली होती. ती कुठे आहे ते शोधायचं काम तिच्या नवऱ्यानेच, दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर असलेल्या सावळारामने, धामणकर नाक्यावरच्या कुणालच्या ऑफिसात आणलं होतं. कुणालने ते केलं. पत्ता त्यानेच सावळारामच्या हातात ठेवला.

"ती वाचेल," मितेश म्हणाला. "जबडा मोडलाय, हात मोडलाय, पण डॉक्टर बोलले, वाचेल. मी माणूस पाठवला होता, ठाण्याच्या सिव्हिल दवाखान्यात."

"आणि पोर?"

मितेश मनगटावरचं घड्याळ बघू लागला.

"सहा वर्षांची हाय, दादा. दिपाली नाव. बायकोला भर रस्त्यात सळईनं मारणारा माणूस तिला घेऊन फिरतोय. आणि तो कुठं गेला असेल ते मला ठाऊक हाय. पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं माझ्या ऑफिसच्या फोनवरून मामाला फोन लावला होता. मामा वाडा तालुक्यात वीटभट्टीवर मुकादम हाय."

"मग नाव न सांगता फोन कर पोलिसांना."

"काल केला. पलीकडून नाव विचारलं, मी ठेवला. आज सकाळी तो चहावाला बोलला, पोलीस अजून नारपोलीतच विचारतायत. तिकडं किती भट्ट्या हायत, तुला माहीत हाय ना? त्यांना मामाचा नंबर पाहिजे. आणि नंबर दिला की तो आला कुठून ते पहिलं विचारणार."

मितेशने शर्टाच्या खिशातून एक व्हिजिटिंग कार्ड काढलं आणि कुणालच्या मांडीवर टाकलं. 'केणे डिटेक्टिव्ह सर्व्हिसेस. शासनमान्य.' खाली बारीक अक्षरात परवाना क्रमांक.

"हा नंबर कोणाचा हाय?"

"तुझा."

"माझ्या एजन्सीचा. गार्ड पुरवायच्या एजन्सीचा. माझ्या एकेका पोराची पोलीस पडताळणी होते. ट्रेनिंग काय दिलं, वर्दी कुठली, सगळं सरकार विचारतं. परवाना नूतनीकरणाला गेलाय, पोलिसांचा अहवाल यायचाय. पडघ्यापासून इथपर्यंत माझी पोरं गोदामांच्या दारात उभी हायत, त्यांची घरं त्याच्यावर चालतात. आणि तू माझा नंबर छापून बायकांचे पत्ते देत फिरतोस?"

"मला माझा वेगळा परवाना पाहिजेच होता!" कुणाल उठून उभा राहिला. "तुला ठाऊक नाय? किती उंबरे झिजवले मी? आमच्या धंद्याला कायदाच नाय. दिल्लीत विधेयक आलं, वर्षानुवर्षं पडून राहिलं, शेवटी मागं घेतलं. मंत्रालयात अर्ज घेऊन गेलो तर तो कोणत्या खिडकीवर घ्यायचा तेच कोणाला सांगता येईना. एक साहेब तर हसला. बोलला, कायदा नाही तर तुम्ही मोकळेच, करा की मजेत. पण गिऱ्हाईक दारात आलं की पहिलं काय विचारतं? लायसन हाय का? तेव्हा बाबा बोलले, घरातलाच नंबर हाय, टाक."

दोघांनीही खिडकीकडे बघितलं. तिथे खुर्चीत काळूराम पहिल्यापासून बसून सगळं ऐकत होते. नातीच्या बारशासाठी काढलेला पांढरा सदरा, डोक्यावर टोपी.

"बोललो मी," ते म्हणाले. "गार्ड काय नि डिटेक्टिव्ह काय, दोन्ही राखणच करतात, असं वाटलं मना."

मितेशने मान फिरवली. बापाशी वाद घालणं त्याला कधी जमलं नव्हतं. त्याचा राग मग नेहमी धाकट्यावर निघायचा.

दार ढकलून उन्नती आत आली. कडेवर बाळ, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. बाळंतपणाआधी ती भिवंडी कोर्टात वकिली करत होती, आणि घरातल्या भांडणांत तिला सगळे जमेल तितकं बाहेर ठेवायचे.

"जिन्यापर्यंत आवाज येतोय," ती म्हणाली. "कुणालदादा, एक सांग. चंद्राचा पत्ता तुला मिळाला कसा?"

"तिच्या आईकडून. पडघ्याच्या आत गाव हाय. क्षितिजा गेली होती."

"वहिनी कोण म्हणून गेली होती?"

कुणाल घुटमळला. "रेशनकार्डाच्या सर्व्हेची बाई म्हणून."

"म्हणजे सरकारी माणूस म्हणून." उन्नतीने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "परवान्याचा कायदा नाय म्हणजे आपल्याला कुठलाच कायदा नाय, असं समजून चालला होतास तू. सरकारी नोकर असल्याचं खोटं सांगणं हा गुन्हा हाय. दुसऱ्याच्या परवान्याचा नंबर छापून लोकांना फसवणं हाही गुन्हा हाय. आणि हे सगळं माहीत असून आज गप्प बसलो आणि त्या पोरीला काय झालं, तर त्याला मी काय म्हणू?"

"तू काय म्हणू नको," मागून कमळ आल्या. हिरवं इरकल, हातात हळदीकुंकवाचं ताट. जिना चढून त्यांना धाप लागली होती. "आज तुझ्या पोरीचं बारसं हाय. दुसऱ्याच्या पोरीपायी माझी दोन्ही पोरं तुरुंगात घालतंस काय गं? पोलीस हायत ना, शोधतील ते. त्यांचं कामच हाय ते."

"आई, त्यांना ठाऊकच नाय कुठं शोधायचं."

"मग देवाला ठाऊक हाय. चला खाली. बाया वाट बघतात."

सगळे काळूरामांकडे बघू लागले. या घरात शेवटचा शब्द अजून त्यांचाच होता. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आज कोणी कुठं जायचं न्हाय," ते म्हणाले. "सकाळी मी वळखीच्या एका साहेबाला भेटतो. त्याच्या कानावर घालतो, आपलं नाव न येता. कुणाल, तोवर तोंड बंद."

मितेशच्या छातीवरचं ओझं जरा उतरलं. उन्नतीने बाळाच्या टाळूला ओठ लावले. कुणालने कार्ड उचलून खिशात घातलं. मामाचा नंबर त्याला कालपासून पाठ झाला होता, आणि बापाचा शब्द मोडायची ताकद त्याच्यात नव्हती.

*

क्षितिजा पाळण्याशी उभी राहून आलेल्या बायांच्या ओट्या भरत होती. वर काय चाललंय ते तिला शब्दागणिक ठाऊक होतं. तिला बोलावलं नव्हतं, एवढंच.

तिच्या चेहऱ्यावर लोक पटकन विश्वास ठेवतात, हे लग्नानंतर पहिल्यांदा कुणालच्याच लक्षात आलं होतं. मुलाच्या घरची चौकशी असो, पळून गेलेला भागीदार असो, ती दारात उभी राहून पाणी मागायची आणि घरातली बाई तिला बसवून घ्यायची. तिला ते काम आवडायचंही. किती मुलींची लग्नं तिने मोडली होती, खोटारड्या मुलांशी होणारी. त्यांच्या आया पेढे घेऊन ऑफिसात यायच्या. चंद्राच्या आईकडे जातानाही तिला काही वेगळं वाटलं नव्हतं. सावळाराम ऑफिसात बसून रडला होता. "फक्त माझ्या पोरीला बघायचंय, ताई." तिने मान हलवली होती. तो खरं बोलतो का, हे बघायला त्याच्या घरी, शेजारीपाजारी कोणीच गेलं नाही. काम आणणाऱ्याची चौकशी करायची पद्धतच नव्हती, आणि ती करा म्हणून सांगणारा कायदाही नव्हता.

काल संध्याकाळपासून एक गोष्ट तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. चंद्राच्या आईने तिला अंगणात बसवून काकडी चिरून दिली होती, मीठ लावून.

"आई, बाहेर कोणी बाई हाय," मेघाली, मितेशची बायको, दारातून म्हणाली. "कुणालभाऊंना विचारते. नाक्यावर ऑफिसात जाऊन आली, बंद होतं. शेजारच्या पानवाल्यानं इथला पत्ता दिला."

कमळ नुकत्याच खाली उतरल्या होत्या. "आज बारशाच्या दिवशी ऑफिसचं काय? बरं, आत घे तिला. दारातून कोणाला परत पाठवायचं न्हाय."

बाई आत आली. नऊवारी जुनी पण धुतलेली, पायात धुळीने भरलेल्या चपला, त्या तिने पायरीखालीच काढल्या. पाळणा, फुलं, ओटी भरलेल्या बाया बघून ती उंबऱ्यातच थबकली.

"मना ठाव नव्हतं, पाळणा हाय ते," ती ओशाळून म्हणाली. "मी भायेरच बसते."

"बाहेर कशाला? या, बसा," कमळनी तिचा हात धरून तिला सतरंजीवर बसवलं. "काय नाव तुमचं?"

"जानकीबाई."

क्षितिजाच्या हातातला नारळ ताटात आपटला. त्या आवाजाने जानकीबाईंनी मान वर केली. आणि त्यांचा चेहरा, जो इतका वेळ ताणून धरल्यासारखा होता, एकदम सैल झाला.

"अगो बाय! तुमी?" त्या उठून क्षितिजाकडे आल्या आणि दोन्ही हातांनी तिचा हात धरला. "सर्व्हेच्या बाई! देवच पावला मना. तुमी हितं कशा? आता कसं करू, कोणाला सांगू, कळत नव्हतं बघा. तुमी सरकारच्या माणूस. तुमी बोलल्या तं ऐकतील."

बायांचं बोलणं थांबलं. कमळ एकदा क्षितिजाकडे, एकदा जानकीबाईंकडे बघू लागल्या.

"माझ्या चंद्राला मारला त्यानं," जानकीबाई सांगत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पार आटलेलं होतं. "नातीला घेऊन गेला. मी पोलीस ठाण्याच्या दारात बसून व्हते कालधरनं. ते बोलतात शोधतो. त्याच्या गाडीमालकानं सांगितलं, सावळारामला पत्ता केण्यांच्या हापिसातनं भेटला. म्हणून मी आले. यांना विचारायचं, बाबांनो, तुमी माझ्या पोरीचा पत्ता काढला, आता नातीचा बी काढा. तुमाला येतं ना काढता? बाई, तुमी सांगा ना यांना. चंद्रा कुठं राहते ते मी फकस्त तुमाला सांगितलेलं. दुसऱ्या कोणालाच न्हाय. सरकारला सांगितलं म्हणजे कुठं फुटत न्हाय ना? मग यांना कसा कळला? माझ्याच तोंडातनं कुठं गेलं का? रात्रभर तेच आठवते मी."

क्षितिजाला वाटलं, त्यांनी हात सोडावा. जानकीबाईंनी तो घट्ट धरून ठेवला होता. जिन्यावर पावलं वाजली. मितेश अर्ध्या जिन्यावर येऊन थांबला होता, त्याच्या मागे कुणाल. मितेशने क्षितिजाला डोळ्यांनी खूण केली: नको. सगळी आळी बसली होती समोर. "काकी, आत चला, आपण बोलू," एवढं म्हणून बाईंना स्वयंपाकघरात नेता आलं असतं. चहा देता आला असता. सर्व्हेची बाई म्हणून आणखी चार शब्द धीराचे देता आले असते. ते सगळं तिला येत होतं, तेच तर तिचं काम होतं.

"तुमच्या तोंडातून कुठं गेलं नाही," क्षितिजा म्हणाली. "तुम्ही मला सांगितलं आणि मी यांना सांगितलं. मी सर्व्हेची नाही. सरकारची कोणी नाही मी. हे माझं घर आहे. ते वर उभे आहेत ते माझे मिस्टर. ते ऑफिस आमचं आहे."

जानकीबाईंना पहिल्यांदा कळलंच नाही. त्यांनी वर कुणालकडे बघितलं, मग पाळण्याकडे, मग पुन्हा क्षितिजाकडे. मग त्यांनी हात सोडला. हळूच, एखाद्याची वस्तू जागेवर ठेवावी तसा.

"मी तुमाला काकडी दिली," त्या म्हणाल्या.

*

बाया एकेक करून उठल्या. उठता उठता एकीने टोपाखालचा गॅस बंद केला. हॉलमध्ये घरचीच माणसं उरली, आणि सतरंजीच्या टोकाला भिंतीला टेकून जानकीबाई. मेघालीने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला होता. त्यांनी तो बघितलाही नव्हता.

मितेश खाली उतरला. "क्षितिजा, तुला अक्कल हाय का?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "आळीसमोर? आता संध्याकाळपर्यंत भिवंडीभर होईल."

"होऊ दे," कुणाल म्हणाला. "बाबा, मी तुमचा शब्द मोडतोय. मी चाललो पोलीस ठाण्यात."

"तू कुठं जाणार नायस." मितेश दारात जाऊन उभा राहिला. लहानपणी खाडीवर जाताना धाकट्याला अडवायला उभा राहायचा, तसाच, हात पसरून. "तू गेलास की माझं संपलं. बोला ना बाबा, सांगा याला."

काळूराम जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले होते. त्यांच्याआधी मेघाली बोलली. नवऱ्याच्या विरोधात चारचौघांत तिने आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं. काल रात्री "कुणालभाऊंनी आपल्याला बुडवलं" असं म्हणणारीही तीच होती.

"बाजूला व्हा," ती म्हणाली. "आपली पोरगी असती तर तुम्ही गार्डांचा विचार केला असता का?"

"मेघाली, तुला कळत नाय..."

"मला एवढंच कळतं. ती बाई पाणी पण पीत नाय आपल्या घरचं."

कमळनी पदराने तोंड झाकलं. वर उन्नतीला त्या जे बोलल्या होत्या ते आता त्यांना स्वतःलाच आठवत असावं. त्या जानकीबाईंच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसल्या, पण त्यांच्या अंगाला हात लावायचं धाडस त्यांना झालं नाही.

"मितेशदादा," उन्नती म्हणाली, "तुझा परवाना वाचवायचा एक रस्ता हाय. आतापासून सांगते, कोणालाच आवडणार नाय."

"बोल."

"तुझा नंबर त्यानं तुझ्या परवानगीशिवाय छापला. तुला कळलं कधी?"

"काल. फोन आल्यावर. कार्ड बघितलं तेव्हा."

"खरंच काल?"

"आईशप्पथ."

"मग आजच जा आणि लेखी तक्रार दे. तुझ्या नंबरचा गैरवापर केला म्हणून. कुणालदादावर." तिने श्वास घेतला. "तू आज स्वतः दिलीस तर तू फसवला गेलेला माणूस. उद्या पोलीस तुझ्या दारात आले तर तू भागीदार. मग कितीही सांग."

बाळ किरकिरलं, तसं तिने ते मेघालीकडे दिलं.

मितेशचे हात खाली आले. कालपासून तो कुणालला शिव्या देत होता. याला एकदा धडा शिकवला पाहिजे, असंही मनात म्हणून झालं होतं. आता तो धडा त्याच्याच सहीने लिहायचा होता.

"सख्ख्या भावावर?" तो म्हणाला. "लोक काय बोलतील? आणि बाबांनी सांगितलं होतं त्याला, मग बाबांचं नाव?"

"माझं नाव पयलं घाल," काळूराम म्हणाले. ते कठड्याला धरून उभे राहिले. "नंबर टाक बोललो तो मी. चूक हाय हे त्याला कळण्यासारखं होतं, तसं मनाबी कळण्यासारखं होतं. सकाळी साहेबाला भेटतो बोललो. सकाळपर्यंत त्या पोरीचं काय होईल याचा इचार मी केला न्हाय. गाडी काढ, मितेश."

"बाबा, नंबर माझा वापरला म्हणून याच्यावर लिहिलं तर याला शिक्षा होईल."

"लिही," कुणाल म्हणाला. "दादा, लिही तू. माझ्यापायी तुझी पोरं घरी बसली तर मला तुझ्या दारात उभं राहता येणार नाय. लिही."

मितेशने खुंटीवरची किल्ली काढली आणि कोणाकडेही न बघता बाहेर गेला.

"आमच्या गाडीतनं याल का?" क्षितिजाने जानकीबाईंना विचारलं. तिला वाटलं होतं, त्या नाही म्हणतील.

जानकीबाई उठल्या. "तुमच्या गाडीत न्हाय बसायचं मना," त्या म्हणाल्या. "पन मी रिक्षा बघत बसले तं येळ जाईल. चला."

*

पोलीस ठाण्यातल्या बाकावर ऊन तिरकं आलं होतं. आतल्या टेबलाशी कुणाल बोलत होता. फौजदार तरुण होता. पहिली दहा मिनिटं त्याने वैतागूनच ऐकलं, पण मामाचा नंबर आणि सावळारामच्या गाडीचा नंबर पुढ्यात येताच तो उठून आतल्या खोलीत गेला. तिथे फोनाफोनी सुरू झाली. वाड्याच्या रस्त्यावर गाडी निघाली. मग तो परत येऊन बसला आणि म्हणाला, "आता पहिल्यापासून सांगा. तुम्ही नक्की काय काम करता?"

"लोकांना शोधतो," कुणाल म्हणाला.

"परवाना?"

"नाय."

"या धंद्याला परवाना नसतोच, साहेब," शेजारून उन्नती म्हणाली. "पण यांनी आहे असं छापलं. ते लिहून घ्या."

कुणालने कार्ड खिशातून काढून टेबलावर ठेवलं. पलीकडच्या टेबलाशी मितेश बसला होता. एक हवालदार त्याची तक्रार लिहून घेत होता. मधे एकच पातळ फळीची भिंत होती, तीही अर्धीच, त्यामुळे दोघा भावांना एकमेकांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"आरोपीचं नाव?" हवालदाराने विचारलं.

मितेशने टेबलावरचा कागद सरळ केला. हवालदाराने पुन्हा विचारलं. फळीपलीकडे कुणाल बोलायचा थांबला. काळूराम दोघांच्या मधे, उंबरठ्यावर उभे होते.

"कुणाल काळूराम केणे," मितेश म्हणाला.

"नातं?"

"धाकटा भाऊ."

हवालदाराने पेन उचलून त्याच्याकडे बघितलं. मितेशने सही केली, खुर्ची मागे सारली आणि बाहेर जाऊन आवारातल्या नळाखाली डोकं धरलं. कुणालला खिडकीतून त्याची वाकलेली पाठ दिसत होती. ती हलत होती. कुणाल उठायला गेला, पण फौजदाराने हाताने खूण केली: बसा, अजून झालं नाही.

दिवेलागणीला बातमी आली. सावळाराम भट्टीवरच सापडला होता, पिऊन पडलेला. पोरगी मामीपाशी होती, विटांच्या थप्पीमागच्या झोपडीत. मामीने तिला भात भरवला होता आणि कालपासून ती एक शब्द बोलली नव्हती.

गाडी आवारात शिरली तेव्हा जानकीबाई बाकावरून उठल्याच नाहीत. महिला पोलिसाने दिपालीला हाताला धरून उतरवलं. केसांत विटांची लाल धूळ, अंगात कुणाचातरी मोठा फ्रॉक. पोरीने आवारातल्या सगळ्या माणसांकडे बघून घेतलं आणि आजी दिसल्यावर ती धावली नाही. सावकाश चालत आली, आजीच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि मगच रडायला लागली. जानकीबाई तिच्या केसांतली धूळ बोटांनी काढत राहिल्या.

क्षितिजा दूर पायरीवर उभी होती. तिचा जबाब झाला होता. गुन्हा कोणता लागेल, जामीन केव्हा होईल, ते उन्नती आत विचारत होती. कुणालला आज घरी सोडणार नव्हते, हे मात्र तिला कळलं होतं. जवळ जावं की नको, हे तिला ठरवता येईना. शेवटी ती दोन पावलं पुढे गेली.

"दवाखान्यात सोडू का तुम्हाला? चंद्राला बघू दे पोरीला."

"पोलीस सोडतात बोललेत," जानकीबाई म्हणाल्या. त्यांनी पोरीचं तोंड आपल्या पदरात ओढून घेतलं, क्षितिजा दिसू नये म्हणून. मग त्या वर बघून म्हणाल्या, "तुमचं नाव काय हो? खरं?"

"क्षितिजा."

"सगळं सांगा."

"क्षितिजा कुणाल केणे."

जानकीबाईंनी ते दोन-तीनदा ओठांतल्या ओठांत म्हणून बघितलं. नाव अवघड होतं, जीभ अडखळत होती. क्षितिजाने ते पुन्हा सावकाश, तोडून सांगितलं. जानकीबाईंनी पुन्हा म्हटलं, आणि आता बरोबर आलं.

"हा," त्या म्हणाल्या. "कोरटात सांगाया लागंल ना."

आणि त्या पोरीला कडेवर घेऊन पोलिसांच्या गाडीकडे चालू लागल्या.